कापलेल्या भिंतीची शिट्टी

४ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षर ओळखलंत ना? तुमच्या दादांना या पत्राबद्दल काही माहीत नाही, आणि त्यांना कळवायची मला घाईही नाही.

आधी फोन केला होता. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही 'हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे' म्हणून ठेवून दिलात. वहिनीचा आवाज ऐकून लाइन बिघडत असेल तर बिघडो बापडी. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की यांनी सळई काढली.

कुठली सळई ते तुम्हाला कळायचं नाही, कारण ती तुम्ही गेल्यानंतरची. आपल्या टर्बोच्या चाचणीच्या बाकावर दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. डाव्यावर दादा, उजव्यावर तुम्ही. तुम्ही बॅग उचलून गेलात आणि यांनी दोन्ही मुठींना मिळून एक आडवी सळई वेल्ड केली, म्हणजे एका माणसाला दोन्ही एकदम फिरवता येतील. तेव्हापासून चौदा वर्षं हे एकटेच तो बाक चालवतात. टर्बोच्या दोन्ही तोंडांत सारखा वारा, त्यामुळे आकडे कसे गुळगुळीत. तुम्ही असता तर म्हणाला असता, 'दादा, इंजिन कधी दोन्हीकडून सारखं फुंकतं का?' ते म्हणायला कुणी नव्हतं. मी म्हटलं नाही, कारण मला तेव्हा तुम्हा दोघांचाही सारखाच राग आला होता.

परवा यांनी सळई कापली, मला उजव्या व्हॉल्व्हवर उभं केलं आणि म्हणाले, "आता तुझी बाजू अर्धी कर." मी केली. हे चाकाकडे कान देऊन उभे. चेहऱ्यावर असं हसू, की आमच्या लग्नाच्या फोटोतही ते नाही.

"ऐक," म्हणाले. "काही ऐकू येतंय? काही नाही! टर्बोतल्या भिंतीची कड गोल केली आणि शिट्टी गेली. बारक्याला बोलावलं पाहिजे. येऊन ऐकू दे त्याला."

भाऊजी, इतक्या वर्षांत त्या तोंडून 'बारक्या' निघालं नव्हतं. मी तिथल्या खोक्यावर बसले. त्यांना वाटलं, उभं राहून मला गरगरलं.

आता खरं सांगते. शिट्टी गेलेली नाही. मी उभी होते तिथे ती सुईसारखी कानात शिरत होती.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर मिळालं. एकच ओळ: 'मग त्याला तसं सांगून टाका.' एवढ्या ओळीसाठी एवढं मोठं पाकीट कशाला वाया घालवलंत?

सांगू कसं? 'वाजतेय' म्हटलं, की 'मग मला का ऐकू येत नाही' हे पुढचंच. जाडे आवाज यांना सगळे ऐकू येतात: कॉम्प्रेसरची धडधड, ट्रकचा हॉर्न, आणि मी. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. किटली ओट्यावर किंचाळत असते आणि हे तिच्याशेजारी उभे राहून विचारतात, चहाला अजून किती वेळ. गजराची घड्याळं 'बिघडली' म्हणून टाकून झाली. परवा शेजाऱ्यांना सांगत होते, हल्ली पक्षी कमी झालेत, हवा बिघडलीय. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात, "मला काय धाड भरलीय? तूच हल्ली पुटपुटतेस." मी पुटपुटते! तुम्ही ओळखता मला.

आणि 'वाजतेय' म्हटलं, की तुम्ही बरोबर होता हेही त्यात आलंच. एका वाक्यात माणसाचे कानही काढून घ्यायचे आणि भांडणही. माझ्याच्यानं ते होणार नाही.

तुमचं पहिलं केसिंग, टर्बोचं ते बाहेरचं कवच, अजून वरच्या खिडकीत आहे. त्यात मी पेनं ठेवते. काल ते पुसताना आठवलं, मी या घरात नवी असताना तुम्ही ते माझ्या हातात दिलं होतंत. मी म्हटलं, "लोखंडाची गोगलगाय आहे का ही?" दादा लाजले, तुम्ही मात्र मांडी ठोकून समजावायला बसलात. "वहिनी, इंजिन धूर सलग सोडत नाही, धाप लागल्यासारखं सोडतं. त्या धुराच्या जोरावर हे चाक फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. पण चारही सिलिंडरच्या फुंकरी एकाच नळीतून आणल्या तर एकमेकींच्या पायांत पाय अडकतात. म्हणून दोन-दोनची जोडी लावायची. दोन नळ्या, दोन तोंडं, आणि मधे भिंत, थेट चाकापर्यंत."

मी विचारलं, "मग एका तोंडात फुंकर असते तेव्हा दुसरं तोंड काय करतं?"

तुम्ही चमकून दादांकडे बघितलंत. "दादा, वहिनीनं मुळालाच हात घातला!" त्या एका वाक्यावर तुम्ही दोन वर्षं माझ्याकडून डबे भरून घेतलेत.

आणि ते उलटे काटे! दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्या यांनी घाईत अदलाबदल करून बसवल्या, त्यामुळे डाव्या नळीचा काटा उजव्या माणसापुढे आणि उजव्याचा डाव्यापुढे. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता म्हणता तीच रीत पडली. हात तुमचा, डोळे दादांचे. हात दादांचा, डोळे तुमचे. दिवसभर खालून ओरडणं चालायचं, "चढव! थांब! जरा सोड!" वर भाजी चिरताना मला त्या ओरडण्यावरून कळायचं, आज आकडे जुळतायत की नाही. मला ते दिवस फार आठवतात. तुम्हाला आठवतात की नाही ते त्या एका ओळीवरून काही कळलं नाही.

वहिनी


७ मार्च

भाऊजी,

यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी जे गेलं त्यात 'ये, आणि स्वतः ऐक' एवढंच ठेवलं, बाकीचं मी खोडायला लावलं. बाकीच्यात फुशारकी होती.

दुसरी गोष्ट त्यांनी लिहिली नसणार. जूनअखेर कारखाना बंद करतोय. कामं कमी झालीत, आणि जड केसिंग उचलताना यांचे हात थरथरतात. बाक भंगारात जाईल. तो जायच्या आत तुम्ही दोघांनी एकदा त्याच्यापुढे उभं राहावं, एवढीच माझी इच्छा आहे. दुसरं मला काही नको.

तुम्हाला बोलावणं यांच्या तोंडून कधीच आलं नसतं. आलं ते शिट्टीमुळे. हे जिंकलेत असं यांना वाटतं, आणि जिंकलेला माणूस जरा सैल सोडतो. तुम्ही येऊन 'वाजतेय' म्हणालात तर हे पुन्हा मिटतील, आणि या खेपेला उघडायला मी तरी कुठली हत्यारं आणू?

लोकांकडे भाऊ घरातल्या भिंतीवरून भांडतात. तुम्ही दोघं तळहाताएवढ्या केसिंगमधल्या बोटभर भिंतीवरून भांडलात. सुरुवातीला मी नातेवाइकांना खरं कारण सांगायची, तर त्यांना वाटायचं मी काहीतरी लपवतेय. ती भिंत तापून तडकायची, हे खरं. एकदा तिचा तुकडा उडून चाकाची पाती गेली, हेही खरं. हे म्हणाले, चाकाजवळचा भाग कापू. तुम्ही म्हणालात, "कापलीस तर या तोंडाचा जोर त्या तोंडात गळेल, सावकाश चालणाऱ्या इंजिनाला दम राहणार नाही, आणि त्या कडेवर वारा जन्मभर शिट्टी वाजवेल." तुम्ही माल पोचवायला गेलात आणि यांनी तुमच्या मागे साचाच कापला. ते चुकलंच त्यांचं. तुम्ही आलात, बाक चालवलात, शिट्टी वाजली, आणि तुम्ही फक्त म्हणालात, "ऐक." आणि वर येऊन बॅग भरायला घेतलीत.

तोच शब्द आता हे तुम्हाला म्हणणार आहेत. त्यांच्या ध्यानात नाही. तुमच्या येईल.

मी मागतेय ते सोपं नाही, कळतं मला. या. आणि ऐकू येत नाही असं म्हणा. एकदाच.

वहिनी


२२ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि दिवसभर भांडी आपटली.

'येईन. पण ज्या गोष्टीसाठी घर सोडलं तिच्याबद्दल खोटं बोलणार नाही. जे ऐकू येईल तेच सांगेन.' वा! किती ताठ कणा! जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात एवढा मोठा साहेब झालात, पण बोलणं अजून तेच, जिन्यात उभं राहून बॅगेचा पट्टा आवळणाऱ्या माणसाचं.

खरं बोलणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आलाय. एक खरं बोलून गेला, दुसरा खरं ऐकायला लागू नये म्हणून सळई जोडून बसला. आणि गाडीवाले येऊन 'तुमचा टर्बो वाजतो हो' म्हणायचे तेव्हा त्यांना चहा पाजून वाटेला कुणी लावायचं? मी.

रागात लिहितेय, पण पत्र फाडणार नाही. फाडलं तर पुन्हा गोड लिहावं लागेल.

एक आठवण देते, मग तुमचं तुम्ही ठरवा. पहिल्यांदा दोन तोंडांचं चाक फिरलं तो दिवस. तुम्ही मला ओढतच खाली आणलंत, ओले हात पुसूही दिले नाहीत. "एका मिनिटाला लाखभर फेरे, वहिनी!" मला वाटलं, चेष्टा करताय. मग दादांनी डावा सोडला, तुम्ही उजवा सोडलात, आणि एक स्वर लागला, स्वच्छ, वर वर चढत जाणारा. तेव्हा भिंत अख्खी होती, शिट्टी नव्हती, चाकाचा स्वतःचाच आवाज. दादा म्हणाले, "बारक्या, तुझ्याशिवाय झालं नसतं." तुम्ही म्हणालात, "काय? ऐकू नाही आलं, परत म्हण." तुम्हाला चांगलं ऐकू आलं होतं. परत ऐकायचं होतं.

त्या दिवशी खोटं बोलता आलं की!

या. काहीही म्हणा, पण या.

वहिनी


१७ एप्रिल

भाऊजी,

सुखरूप पोचल्याचं कळलं. तुम्ही गेल्यापासून हे पत्र मनात लिहितेय. तुम्ही इथे होता, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. तरी मी मधे उभी होते, आणि मधून काय दिसलं ते तुम्हाला सांगायला हवं.

जिन्यापाशी तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता व्हॉल्व्हकडे बघत होता. तुमचे केस पांढरे झालेले बघून यांना धक्का बसला. स्वतःचे आरशात रोज बघतात ते चालतं. तुम्ही उजवी मूठ धरलीत आणि कापलेल्या सळईचा खुंट बोटाला लागला. यांनी फडकं पुढे केलं. तुम्ही ते मुठीला गुंडाळलंत. मला तिथेच भरून आलं होतं, पण कॉम्प्रेसर सुरू झाला.

मग ते ओरडणं. "किती?" "काय?" "काटा किती?" "मोठ्यानं बोल की!" "तूच मोठ्यानं बोल!" पूर्वी एवढ्याच आवाजात तुमचं सगळं सुरळीत चालायचं. शेवटी मीच तुमचा आकडा त्यांना आणि त्यांचा तुम्हाला सांगायला लागले. तेव्हा मला वाटलं, कॉम्प्रेसर जुना झालाय, फार धडधडतो. बघा, मीही तुमच्याच घरातली.

दोन्ही बाजू सारख्या होत्या तोवर सगळं ठीक. मग हे म्हणाले, "उतरव." तुम्ही उजवी उतरवायला लागलात. निम्म्यावर आलात आणि ती सुरू झाली. मी डोळे मिटले. तुमचं 'जे ऐकू येईल तेच सांगेन' मला पाठ झालं होतं.

यांनी मान पुढे काढून तुमच्याकडे बघितलं. "ऐक," म्हणाले.

तुम्ही ऐकलंत. आधी उजवा कान केलात, मग डावा. मूठ आणखी थोडी फिरवलीत. ती आणखी चढली, माझे दात शिवशिवले. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, परवानगी मागताय. पण तुमच्या भुवया वर गेल्या होत्या, तुम्ही मला विचारत होता: वाजतेय का?

ज्या बाईनं चार पत्रं लिहून खोटं मागितलं तिला त्या वेळी खोटं सुचलं नाही. मी मान हलवली. हो, वाजतेय.

त्यानंतरचा तुमचा चेहरा मी कुणाला सांगणार नाही. जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि आणखी एक निघावी, तसे तुम्ही जागच्या जागी हललात. मग सावकाश दादांकडे वळलात.

"नाही रे दादा," म्हणालात. "मला नाही ऐकू येत."

चालू चाकावर व्हॉल्व्हवरचा हात सोडायचा नाही, हे यांनी मला हजारदा सांगितलंय. यांनी तो सोडला आणि तुम्हाला मिठी मारली. चाक आपलं फिरतच होतं. तुम्ही दोघं रडत होता, हसत होता, आणि तुमच्या डोक्यावर ती वाजत होती. ती बंद करायला अखेर मीच दोन्ही मुठी फिरवल्या.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच, तरी मला लिहायला आवडतंय. ओट्याला टेकून तुम्ही आजचे आणि जुन्या वहीतले आकडे शेजारी शेजारी मांडलेत. सारखा वारा दिला तर कापलेली भिंत आणि अख्खी भिंत यांत फरक जवळजवळ नाही. एक तोंड बंद केलं की कापलेलीचा दम जास्त जातो, जोर पलीकडे गळतो, अगदी तुम्ही म्हणाला होता तसा. हे म्हणाले, "सावकाश इंजिनाला तुझी भिंत बरी होती." तुम्ही म्हणालात, "पण दादा, तुझं एकही केसिंग तडकून परत आलं नाही." एवढं बोलायला चौदा वर्षं लागली. किटली किंचाळत होती. दोघांपैकी एकानंही वळून बघितलं नाही.

तेव्हा मला फोन आठवला. 'लाइन खराब आहे.' भाऊजी, मी तुम्हाला किती शिव्या घातल्या त्या फोनवरून! त्या सगळ्या परत घेते.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणाला होता तसंच केलंत. मला त्याचं इतकं वाईट वाटतंय की काय लिहू.

वहिनी


५ मे

भाऊजी,

तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलात हे बरं केलंत. तरुणपणी कानात कापूसही न घालता त्या बाकापुढे उभे राहायचात, त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले हे मला लिहून कळवायची गरज नव्हती. तुमच्या कानाच्या यंत्राचं निमित्त करून यांनाही घेऊन जाईन. 'बारक्यानं घेतलंय' म्हटलं की हे त्याहून भारी मागतील.

यांनी एक विचारलं. परवा संध्याकाळी बाक पुसत होते. भंगारवाल्याला अजून कळवलेलं नाही, आणि मीही आठवण केलेली नाही. पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, "बारक्या माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तर म्हणाला नसेल ना गं? वाजत असेल आणि..."

मी म्हटलं, "नाही. भाऊजी खोटं बोलले नाहीत."

माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. तो नाहीच बोलायचा." आणि पुन्हा पुसायला लागले. मला वाटतं त्यांना थोडं कळलंय. किती, ते मी विचारणार नाही.

तुम्ही विचारलंय, शिट्टी अजून तशीच वाजते का, की यांनी कड गोल केल्यावर बदलली. बदललीय. पूर्वी ती एकदम फुटायची, भांडायला आल्यासारखी. आता दुरून येते. उजवी बाजू निम्म्याखाली गेली की आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग त्यातून बारीक स्वर निघतो आणि चढत जातो. वाईट नाही हो. नीट ऐकली तर त्या पहिल्या दिवशीच्या आवाजाची धाकटी बहीण वाटते.

जूनमध्ये याल तेव्हा उजव्यावरच उभे राहा. मी दादांच्या मागे उभी राहीन. ती सुरू झाली की बोट वर करीन, आणि थांबेपर्यंत खाली घेणार नाही.

वहिनी